पाहुणी म्हणून गेले, त्याला नऊ महिने झाले

गेल्या मंगळवारी, २४ जून २०२५ला, आमच्या रोटरी क्लबची, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं एकत्र येऊन समाजसेवा करतात त्या संस्थेची, या वर्षातली शेवटची साप्ताहिक सभा झाली. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, त्यामुळे हिशेब, आभार, पुढच्या अध्यक्षांचं स्वागत असं सगळं त्या दिवशी होतं. घरी येऊन डायरी चाळली तेव्हा लक्षात आलं, मी पहिल्यांदा पाहुणी म्हणून गेले तीही तारीख २४च होती, २४ सप्टेंबर. मधल्या नऊ महिन्यांत एक रक्तदान शिबिर उभं करायची जबाबदारी माझ्यावर आली आणि ती पार पडली. ओळखीतल्या तीन-चार जणींनी विचारलं, "तिथे नक्की करतात काय? पैसे किती लागतात? आपल्यासारखीला घेतात का?" फोनवर सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी एकतीस वर्षं बँकेत होते. मार्च २०२४मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, वय ५४. पहिले दोन-तीन महिने कपाटं आवरण्यात गेले, नंतर मात्र दुपार सरता सरेना. अनंत चतुर्दशीला समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी म्हणाल्या, "निर्माल्य गोळा करायला येतेस का? आमच्या क्लबचे लोक असतात." महापालिकेच्या कृत्रिम तलावापाशी आम्ही रात्री अकरापर्यंत उभे होतो. येणाऱ्याच्या हातातून हार, दुर्वा, केवडा घ्यायचा, त्यातलं प्लास्टिक आणि थर्माकोल बाजूला काढायचं, फुलं वेगळ्या पिंपात टाकायची. कुणी कुणावर ओरडत नव्हतं, तरी काम अडत नव्हतं. परतताना मी विचारलं, "हे सगळं ठरतं कुठे?" वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी ये."

सभा ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये, संध्याकाळी साडेसातला. मी राहते कासारवडवलीला. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं चालू असताना संध्याकाळी किती वेळ लागेल हे देवालाच माहीत. पहिल्या दिवशी साडेसहाला निघाले आणि कापूरबावडीलाच सात पंचवीस झाले. पोचले तेव्हा राष्ट्रगीत होऊन गेलं होतं. उशिरा आल्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण मलाच फार चुटपुट लागली. तेव्हापासून सव्वासहाची टीएमटीची बस पकडते. सभा बरोबर साडेसातला घंटा वाजवून सुरू होते आणि पावणेनऊला घंटेनंच संपते. अध्यक्ष कितीही मोठे असोत, घंटा थांबत नाही.

आत शिरताना छातीत धडधडत होतं हे कबूल करते. चाळीसेक माणसं, त्यांत डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, दोन कारखानदार, एक केटरर. शब्दही सगळे नवे. 'सार्जंट' म्हणजे सभेची शिस्त बघणारे सभासद. 'फेलोशिप' म्हणजे सभेनंतरचं एकत्र जेवण. सभासदांच्या पत्नींना 'ॲन' म्हणतात आणि मुलांना 'ॲनेट'. एक डबा फिरतो, ज्याच्या घरी आनंदाची बातमी असेल त्यानं ती सांगून त्यात काहीतरी टाकायचं. त्या दिवशी एका काकांनी नातवाला दात आला म्हणून शंभर रुपये टाकले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे माझं दडपण थोडं उतरलं.

मग वाढदिवस, सचिवांची निवेदनं आणि वक्त्याचं पंचवीस मिनिटांचं भाषण. त्या दिवशी विषय रोटरीचाच इतिहास होता. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा एक वकील तिघांना भेटला: कोळशाचा व्यापारी, खाणीचा अभियंता आणि शिंपी. आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत जमायचे म्हणून 'रोटरी'. त्यांच्या यादीत बाई नव्हती हे माझ्या लगेच मनात आलं, आणि वक्त्यांनीही ते लपवलं नाही. बायकांना जगभर सभासद होता यायला १९८९ साल उजाडावं लागलं. पहिली महिला जागतिक अध्यक्ष झाली ती २०२२-२३मध्ये, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. आमच्या क्लबात आज अकरा बायका आहेत.

पण मला धरून ठेवलं ते भाषणानं नव्हे, सचिवांच्या वहीनं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, पूर्वी किराणा दुकानात असायची तशी. तिच्यात तीन रकाने आखलेले: काय, कोण, केव्हा. सभेत कुणीही "असं करायला हवं" म्हणालं की सचिव पेन उघडून विचारतात, "कोण?" आणि थांबतात. नाव मिळालं की, "केव्हा?" दोन्ही मिळाली नाहीत तर ते वहीत लिहीतच नाहीत. पुढच्या मंगळवारी मागच्या पानावरून वाचायला सुरुवात होते.

आमच्या क्लबात सभासद व्हायच्या आधी तीन सभांना पाहुणी म्हणून यावं लागतं. १ आणि ८ ऑक्टोबरला गेले, मग १५ तारखेला अर्ज भरला. अर्ज दोन पानी: नाव, व्यवसाय, आधी कुठल्या क्लबात होता का, आणि सुचवणाऱ्या सभासदाची सही. वहिनींनी सही केली. मग नाव आठवडाभर सगळ्या सभासदांकडे जातं, कुणाची हरकत असेल तर ती लेखी द्यायची. तो आठवडा बारावीच्या निकालासारखा गेला. बँकेत कुणाचं कर्ज नाकारलं होतं, तो माणूस तिथे निघाला तर, असलेही विचार मनात आले. हरकत आली नाही.

पैशांचं स्पष्टच लिहिते, कारण हा प्रश्न सगळ्याजणी आडून आडून विचारतात. प्रवेश शुल्क आणि जूनपर्यंतची वर्गणी मिळून मला १४,५०० रुपये पडले. प्रत्येक क्लबचा आकडा वेगळा असतो, आधी विचारून घ्या. यजमान म्हणाले, "जमेल तुला हे दरवर्षी?" मी खजिनदारांना तसंच सांगितलं आणि त्यांनी दोन हप्ते करून दिले. एक गोष्ट मात्र मी बँकेतली बाई म्हणून मुद्दाम विचारली होती: जेवणाचा खर्च कुठून होतो? सभासदांच्या वर्गणीतून. लोकांकडून प्रकल्पांसाठी येणारा पैसा वेगळ्या खात्यात राहतो. दोन्ही खात्यांचे कागद त्यांनी न मागता पुढे ठेवले. तुम्हीही विचारा, त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

१९ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सभा नव्हती. त्यामुळे मला पिन, म्हणजे सभासदत्वाचा बिल्ला, लागली २६ला. १० डिसेंबरला पहिलं भाषण. नव्या सभासदानं आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असतं. मी बँकेतल्या नोव्हेंबर महिन्याबद्दल बोलले, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याच्या रांगेबद्दल. आयुष्यभर हातानं काम केलेल्या एका आजोबांच्या बोटांचे ठसे इतके झिजले होते की यंत्र ते ओळखेना. चार वेळा बोट पुसून ठेवलं आणि शेवटी त्यांनी मला विचारलं, "मग मी आहे का नाही, ताई?" हे सांगताना माझा आवाज भरून आला. सचिवांनी पेन उघडलं. पुढच्या नोव्हेंबरात ज्येष्ठांना या दाखल्यासाठी मदत करायची, हे तेव्हाच वहीत चढलं.

१८ जानेवारीला वागळे इस्टेटच्या एका शाळेत डोळे तपासायला गेलो होतो. माझं काम रांग लावायचं. तिसरीतली मुलं तक्त्यावरची अक्षरं पुढच्याचं ऐकून पाठ करत होती. तपासणाऱ्या मॅडमनी ते ओळखून तक्ता बदलला, तशी एक मुलगी गप्पच झाली. तिला फळ्यावरचं काही दिसतच नव्हतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा चष्मा तीन आठवड्यांनी आला.

आता शिबिराकडे येते.

४ मार्चच्या सभेत विषय निघाला. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावी, त्यामुळे रक्त कमी पडतं, म्हणून मे महिन्यात शिबिर घ्यावं असं ठरलं. सचिव म्हणाले, "कोण?" कुणी लगेच बोललं नाही. मला २०१९चा मे आठवला. सासूबाईंच्या ऑपरेशनला दोन बाटल्या हव्या होत्या आणि यजमान भर उन्हात ठाण्यापासून दादरपर्यंत फिरले होते. माझा हात वर गेला. घरी येताना बसमध्ये मात्र पोटात गोळा आला, कारण मी आयुष्यात हळदीकुंकवापलीकडे काही आयोजित केलेलं नव्हतं.

पहिली गोष्ट रक्तकेंद्र, म्हणजे ब्लड बँक. परवानाधारक रक्तकेंद्राशिवाय शिबिर होत नाही. डॉक्टर, तंत्रज्ञ, खाटा, पिशव्या, वजनकाटा हे सगळं तेच आणतात. क्लबच्या लेटरहेडवर पत्र घेऊन मी १२ मार्चला गेले आणि डोक्यात तारीख होती १ मे. तिथले जनसंपर्क अधिकारी हात जोडून म्हणाले, "मॅडम, १ मे सोडून काहीही मागा." सगळ्यांना तोच दिवस हवा असतो. त्यांनी कागदावर लिहून समजावलं: तांबड्या पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. एका दिवशी ढीगभर रक्त आलं तर पाच आठवड्यांनंतर त्यातलं रुग्णाच्या उपयोगाचं काहीच उरत नाही. मी १८ मेचा रविवार धरला. घरी येऊन आधी कालनिर्णय पाहिलं. संकष्टी १६ला, एकादशी २३ला, म्हणजे मधला रविवार मोकळा. हे नक्की बघा. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत आणि आपल्याकडे उपास करणारे कमी नाहीत.

जागेचं पाहायला रक्तकेंद्राची माणसं स्वतः येतात. तळमजला, उजेड, हवा, पंखे, स्वच्छतागृह, रक्त दिल्यावर बसायला वेगळी जागा. घोडबंदरच्या एका सोसायटीचा हॉल त्यांना पसंत पडला आणि तिथल्या पदाधिकाऱ्यांनी तोंडी होकारही दिला. मी बॅनर छापून घेतले. ६ मेला दुपारी फोन आला, "हॉल मुंजीला दिलाय." बारा दिवस उरलेले. मी तोंडी होकारावर थांबले, लेखी पत्र घेतलं नाही, एकतीस वर्षं दुसऱ्यांकडून सही घेतल्याशिवाय कागद पुढे न सरकवणाऱ्या बाईनं. त्या दुपारी जेवण गेलं नाही.

पण तो वार मंगळवार होता. संध्याकाळी सभेत उभी राहिले आणि आहे ते सांगून टाकलं. कुणीही "असं कसं झालं" विचारलं नाही. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या जागेवरूनच फोन लावत बाहेर गेल्या. वक्त्याचं भाषण संपायच्या आत परत आल्या, "नौपाड्यातली शाळा आहे, सुट्टीच आहे, तळमजल्याचं सभागृह देतील. उद्या अकराला पत्र घेऊन जा." सचिवांनी वहीत जुन्या जागेवर एक रेघ मारली आणि नवी लिहिली. एवढंच. बॅनरचे १,९०० रुपये फुकट जाऊ नयेत म्हणून नव्या पत्त्याच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या १६० रुपयांत झाल्या. शाळेचं शिक्क्याचं पत्र मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून १८ तारखेपर्यंत पर्समध्ये ठेवलं.

मधे २२ एप्रिलच्या सभेत एक वाद झाला होता. एका सभासदांचं म्हणणं, प्रत्येक दात्याला चांगली बॅग द्यावी, गर्दी होईल. मी रक्तकेंद्रात विचारून आले होते. वस्तूच्या ओढीनं आलेला माणूस प्रश्नावलीत आजार लपवू शकतो. रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, तरी लागण अगदी ताजी असेल तर ती चाचणीत सापडेलच असं नाही. दात्यानं खरं सांगणं हीच पहिली चाळणी. ते सभासद लगेच म्हणाले, "मग बॅगेचे पैसे नाश्त्याला घ्या."

दाते जमवण्याबद्दल माझा अनुभव: व्हॉट्सॲपचा निरोप शेकडो जणांना गेला आणि त्यावरून मोजकी माणसं आली. फोन केले तेव्हा माणसं आली. आम्ही सहाजणींनी रोज दहा-दहा फोन वाटून घेतले आणि प्रत्येकाला तासाची वेळ दिली, म्हणजे गर्दी होत नाही. फोनवरच विचारायचं: वय १८ ते ६५मध्ये आहे ना, पहिलीच वेळ असेल तर ६०च्या आत? वजन ४५ किलोच्या वर? शेवटचं रक्तदान कधी केलं, कारण पुरुषांना ९० आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर लागतं. वर्षभरात टॅटू काढला का? रात्रपाळी करून झोप न घेता येणार नाही ना? यानं लोकांचा हेलपाटा वाचतो.

१८ मेला सकाळी सातला मी शाळेत होते. आठला गाडी आली. साडेआठला पहिले दाते, एक रिक्षावाले, खाकी शर्टातच. एकोणचाळिसावी वेळ म्हणाले. बाही वर करून आडवे झाले आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही घाबरल्यासारख्या दिसताय." पिशवीखालचा छोटा काटा डावीकडे-उजवीकडे झुलत होता आणि पिशवी हळूहळू गडद होत होती. दहा मिनिटांत ते चहा पीत बसले होते.

साडेदहाला गर्दी थोडी ओसरली तशी मी स्वतः रांगेत उभी राहिले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेच्या नळीतून निळ्या पाण्यात सोडतात. ते मोरचुदाचं द्रावण. हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर थेंब सरळ तळाशी जातो. माझा थेंब अर्ध्यापर्यंत गेला, तिथे जरासा घुटमळला आणि वर आला. तंत्रज्ञ मुलीनं यंत्रावर पुन्हा तपासलं: ११.४. "मॅडम, आज नाही." माझ्याच शिबिरात मला परत फिरवलं याचं मला फार वाईट वाटलं. कोपऱ्यात जाऊन दोन मिनिटं बसले. तेवढ्यात माझ्याकडे कामाला येणारी मावशी आली, नवी साडी नेसून, मुलाला घेऊन. वजनकाट्यावर ४१ भरली. थेंब तर बुडालाच नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या रक्तात काही वाईट आहे का?" मी सांगितलं, वाईट नाही, कमी आहे, माझंही कमी आहे. मुलानं मात्र दिलं.

एका कॉलेजच्या मुलाला उठताना भोवळ आली. डॉक्टरांनी पाय वर करून झोपवलं, सरबत दिलं, वीस मिनिटांत हसायला लागला. त्यानं सकाळपासून फक्त चहा घेतला होता. म्हणून नाश्ता आधी द्या, नंतर नाही. आम्ही अकरानंतर उपमा दारापाशीच आणून ठेवला.

दोनपर्यंत ९४ जणांनी नावं नोंदवली आणि ६१ पिशव्या झाल्या. खर्च ११,३४० रुपये: नाश्ता, केळी, सरबत, दोन जादा पंखे भाड्यानं, बॅनर, झेरॉक्स. पावत्या त्याच रात्री वहीला टाचल्या. रक्तकेंद्राचं पत्र आठवड्यानं आलं. ज्यांना परत पाठवलं त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून आभार माना. आम्ही केले, आणि त्या फोनवरच बायका जास्त बोलल्या.

२० मेच्या सभेत मी अहवाल वाचला. ६१ला टाळ्या पडल्या. मग मी दुसरा आकडा वाचला: परत गेलेल्या ३३ जणांत २४ बायका, आणि त्यातल्या बहुतेक हिमोग्लोबिनमुळे. आमच्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर उठल्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया आढळला होता, असं त्यांनी सांगितलं. "आपल्या हॉलमध्येच ते दिसलं," त्या म्हणाल्या, "या बायका रक्त द्यायला आल्या म्हणून कळलं तरी." सभा थोडा वेळ शांत होती. सचिवांनी पेन उघडलं.

२४ जूनच्या पानावर आता असं आहे. काय: घरकाम करणाऱ्या बायकांची हिमोग्लोबिन तपासणी, लोहाच्या गोळ्यांसाठी महापालिकेच्या आरोग्य केंद्राशी बोलणं. कोण: माझं नाव, शेजारी डॉक्टरांचं. केव्हा: १३ जुलै, रविवार, सकाळी नऊ. या वेळी जागेचं पत्र आधी घेतलं आहे. मावशी तिच्या बिल्डिंगांमधल्या सहाजणींना घेऊन येणार आहे. मी स्वतः रोज रात्री गोळी घेते, चहापासून लांब, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. परवा तपासलं, ११.९ आलं.